दोन मामा, एक निंब

चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन, दोन टन लाकूड, पावसाची डेडलाइन आणि एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ. राळेगावच्या शिवारातला एक जरा हटके वीकेण्ड!

पुण्यातल्या माझ्या जिममध्ये 'फंक्शनल ट्रेनिंग' नावाचा एक महागडा प्रकार आहे. ट्रॅक्टरचं जुनं टायर जमिनीवर ठेवायचं आणि त्यावर घण घालायचा. वीस वेळा उजवीकडून, वीस वेळा डावीकडून. कॅलरीज जळतात, खांदे सुटतात आणि दिवसभरात बॉसने जे काही ऐकवलं असेल तेही थोडंफार निघून जातं. सही वाटतं! पण त्या घणाने काहीच फुटत नाही. टायर जसंच्या तसं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता हाच घण पाचरीवर घाला. पाचर लाकडात अर्धी रुतलेली असू द्या. डोक्यावर विदर्भातला मे महिना आणि समोर दोन टन वजनाचा आडवा पडलेला कडुनिंब. पोटासाठी हे करणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत आणि त्यांना कुणी ट्रेनर लागत नाही. मे २०२४ मध्ये सलग तीन दिवस मी त्यांच्यासोबत होते. आल्यावर जिममधलं टायर बघून मला हसूच आलं.

धुरा म्हणजे काय रे भाऊ?

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, यवतमाळला उतरायचं आणि कळंबमार्गे एसटीने राळेगाव. तिथून पुढे गाव. कळंबच्या चिंतामणीला एसटीच्या खिडकीतूनच नमस्कार करायचा, हा आमचा लहानपणापासूनचा नियम. हा सगळा कापसाचा मुलूख. जमीन काळी, कसदार आणि भयंकर मूडी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पहिल्या पावसात चपलेला किलोभर चिखल.

आपण ज्याला बांध म्हणतो त्याला इकडे 'धुरा' म्हणतात. दोन वावरांमधली ती चिंचोळी पट्टी. माझ्या दोन मामांच्या वावरांमध्ये असाच एक धुरा आहे आणि त्यावर एक मोठा कडुनिंब होता. निंब कुणी लावला ते आजीलाही ठाऊक नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा तो होताच. आजोबा गेल्यावर वाटणी झाली. धुऱ्याच्या अलीकडचं वावर थोरल्या मामांचं, पलीकडचं धाकट्या मामांचं. मग धुऱ्यावरून भांडण. 'त्यानं एक तास आत घातलं', 'यानं दोन तास आत घातलं.' (तास म्हणजे नांगराची किंवा वखराची एक ओळ. घड्याळातला तास नव्हे!) मोजणी झाली, खुणा रोवल्या, खुणा उपटल्या. २०१८ पासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. घरं शंभर पावलांवर. लग्नाच्या पंगतीत दोघांची तोंडं दोन दिशांना.

आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळच्या वादळात तो निंब पडला. पडला तो सरळ धाकट्या मामांच्या वावरात. मुळं धुऱ्यावर, शेंडा त्यांच्या जमिनीत!

आईचा फोन आला, "तू जा. भाची आहेस, तुझं ऐकतील." पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: विदर्भात मामाने भाच्या-भाचीच्या पाया पडायची पद्धत आहे. पन्नाशीतला माणूस दोन वर्षांच्या पोरीच्या पाया पडतो! ऑफिसात मला टीम लीडही नीट विचारत नाही. पण राळेगावात मी एकदम व्हीआयपी.

झाड पडतं का?

गेल्या गेल्या मी झाड बघायला गेले. पडलेलं मोठं झाड तुम्ही जवळून बघितलंय का? उभं असताना त्याची उंची जाणवते, पडल्यावर त्याचं वजन जाणवतं. बुंध्याला टेप लावली, घेर १९० सेंटिमीटर भरला. फांद्या फुटण्याआधीचं सरळ खोड चार मीटरचं. एक्सेलशिवाय मला जेवण जात नाही, त्यामुळे तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. नुसतं खोडच एक घनमीटरहून जास्त म्हणजे जवळपास टनभर. फांद्या धरून दोन टन.

पण खरी गोष्ट मुळांपाशी होती. मुळांचा अख्खा गड्डा मातीसकट उचकटून उभा राहिला होता, माणसाच्या डोक्याइतका उंच. आणि मुळं अगदी थोडी! एवढ्या झाडाला जेवढी असायला हवीत त्याच्या निम्मीही नाहीत. कुऱ्हाडीला मदतीला आलेले एक म्हातारे काका होते. त्यांना सगळे 'बाप्पा' म्हणतात. त्यांनी काडीने दाखवलं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मुळं कापलेली होती. काही जुनी, काळी पडलेली, तर काही अगदी ताजी.

"वारं तं दरसाली येते," बाप्पा म्हणाले, "झाड वाऱ्यानं नाई पडलं, पोरी. नांगरानं पडलं."

लॉजिक सिंपल आहे. थोरल्या मामांनी दरवर्षी एक तास आत घातलं, धाकट्यांनीही घातलं. दर वेळी नांगराच्या फाळाने थोडी थोडी मुळं तुटली. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात ती वेगळीच. त्यात पऱ्हाट्या पेटवताना बुंध्याशी कधीतरी आगही लागली असावी. एका बाजूची साल काळीठिक्कर होती आणि आतून पोकळ. दोन्ही बाजूंचा आधार गेलेलं झाड वर मात्र हिरवंगार, गच्च पानांनी भरलेलं. शिडासारखं. मग एक वादळ पुरलं.

दोन्ही मामा तिथेच उभे होते. एक मुळांच्या या बाजूला, दुसरे त्या बाजूला. दोघांनीही ऐकलं. दोघेही काही बोलले नाहीत.

मालक कोण?

आता खरा इश्यू. झाड कुणाचं? धाकट्यांचं म्हणणं, माझ्या वावरात पडलं, माझं वावर अडलं, तर लाकूड माझं. थोरल्यांचं म्हणणं, मुळं धुऱ्यावर, धुरा सामाईक, मग अर्धं माझं. वर खोड कुणाचं आणि फांद्या कुणाच्या हा वेगळा वाद. निंबाच्या खोडाला सुताराकडे किंमत असते, फांद्या फक्त चुलीत जातात. आणि हे सगळं एकमेकांशी न बोलता! थोरले मामा मला सांगणार, मी शंभर पावलं चालून धाकट्यांना सांगणार. दिवसभरात मी बहुतेक दहा हजार स्टेप्स पूर्ण केल्या.

डेडलाइन तर डोक्यावर होतीच. मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या आसपास. एकदा का पाऊस पडला की काळ्या मातीत ट्रॅक्टर जात नाही, बंडीही जात नाही. (बंडी म्हणजे बैलगाडी.) पांदणीचा रस्ता चिखलात जातो आणि झाड तिथेच. म्हणजे त्या तुकड्यात कपाशीचा पेराच नाही. त्या पट्ट्यातलं धाकट्या मामांचं पूर्ण पीक गेलं असतं.

शेवटी निकाल दिला आजीने. ती थोरल्यांकडे राहते. पण त्या दिवशी तिने खाट अंगणात, दोन्ही घरांच्या मधोमध टाकायला लावली आणि मोठ्या आवाजात बोलली. म्हणजे दोघांनाही ऐकू जावं!

"वाटे करा. वजनावर करा. आन् दोन नाई, तीन वाटे करा. मले तीन लेकरं हायेत."

अंगणात एकदम सायलेन्स. तिसरं लेकरू म्हणजे माझी आई. जमिनीच्या वाटणीच्या वेळी तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती, जशी आपल्याकडे हजारो बहिणी करतात. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क १९९४ मध्येच मिळाला आणि देशभरात २००५ च्या दुरुस्तीने. कायदा बदलला, पण भावाशी नातं टिकवायचं तर सही करायची, हा अलिखित नियम काही बदलला नाही. त्याविषयी आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. आजी बोलली तीसुद्धा एका पडलेल्या झाडाच्या निमित्ताने.

ऑपरेशन निंब

त्याआधी कायद्याचं बघून घेतलं. तुम्हीही बघा, कारण 'माझ्या जागेतलं झाड, मी काहीही करीन' असं नसतं. ग्रामीण भागासाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडं आहेत. त्यांना हात लावायचा तर परवानगी हवी. कडुनिंब त्या यादीत नाही आणि हा तर आपणहून पडलेला. तरी थोरल्या मामांनी तलाठ्याच्या कानावर घातलं, वनखात्यात विचारून घेतलं आणि मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवले. शहाणपणाचं काम.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरुवात. दहानंतर उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही, त्यामुळे काम पहाटे आणि संध्याकाळी. टीम सहा जणांची: राळेगावहून पेट्रोलवर चालणारं करवतीचं मशीन घेऊन आलेला एक तरुण भाऊ, त्याचा मदतनीस, दोन मजूर, ट्रॅक्टरवाला आणि बाप्पा. मी सातवी, पण मोजण्यापुरती.

मला वाटलं होतं, मशीन सुरू होईल आणि खोडाचे धडाधड तुकडे पडतील. तसं नसतं! आधी बारीक फांद्या निघाल्या, तेही शेंड्याकडून बुंध्याकडे येत. पाला शेळ्यांना. गावातल्या शेळ्या एव्हाना रांगेत हजर होत्या. थोडा पाला धाकट्या मामींनी सावलीत वाळवायला नेला. धान्याच्या कोठीत घातला की किडे लागत नाहीत. हिरव्या निंबोळ्या मात्र वाया गेल्या. त्या पिकल्या असत्या तर मामांनी वाळवून ठेवल्या असत्या. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा अर्क, ही कपाशीवरची फवारणी ते दरसाल याच झाडावर करत. फुकट कीटकनाशक देणारं झाड दोन तास जमिनीसाठी गेलं, हे कुणी बोललं नाही. पण धाकटे मामा बराच वेळ त्या निंबोळ्या हातात घोळवत बसले होते.

मग जाड फांद्या. इथे बाप्पांचा अनुभव. पडलेलं झाड झोपलेलं दिसतं; पण ते ताणलेलं असतं. जी फांदी जमिनीवर दाबली गेलीय ती कापली की धनुष्यासारखी उसळते. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून कापत गेलं की चीर मिटते आणि मशीन अडकून बसतं. म्हणून वरून थोडं कापायचं, चिरेत पाचर ठोकायची आणि मग पुढे. एक टोक हवेत असलेल्या फांदीचं याच्या उलट. तिला आधी खालून थोडं कापायचं, नाहीतर ती सालीसकट फाटत जाते.

सगळ्यात डेंजर म्हणजे मुळांचा तो उभा गड्डा. खोड बुंध्यापाशी कापलं की त्याला धरून ठेवणारं वजन जातं आणि गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. पोरं त्या खड्ड्यात खेळायला उतरली होती. बाप्पांनी सगळ्यांना हाकललं, वर दोन शिव्या हासडल्या. अर्ध्या तासाने खोड सुटलं आणि गड्डा खरंच दणकन मागे बसला. क्षणभर कुणी काही बोललं नाही. त्या आवाजाने माझ्या पोटात जे झालं ते अजून आठवतं.

पोकळीत हात घालायचा नाही, हा आणखी एक नियम. आधी काठीने ठोकायचं. आमच्या पोकळीतून चार विंचू निघाले. साप नाही निघाला, तरी ट्रॅक्टरवाला भाऊ शेवटपर्यंत तिकडे फिरकला नाही!

वाघीण आणि परफ्यूम

मशीन चालू असताना आजूबाजूला बायका जमल्या. मशीनखालून उडालेल्या ढलप्या, साली, काटक्या गोळा करायला. इकडे चुलीचं मुख्य इंधन म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं. सोबत तुराट्या आणि गोवऱ्या. पण पऱ्हाटी भुरकन जळते. भाकरीपुरती ठीक, डाळ शिजायला, अंघोळीचं पाणी तापायला लाकूडच हवं. ज्यांना शेत नाही त्यांना पऱ्हाट्याही नाहीत. त्यांच्यासाठी जंगल.

आणि जंगल म्हटलं की या भागात २०१६ ते २०१८ चा काळ निघतोच. टी-१ म्हणजेच अवनी वाघीण! राळेगाव आणि पांढरकवडा परिसरातल्या १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कॅमेरे लागले, हत्ती आले, शिकारी कुत्रे आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तर वनखात्याने तिला आकर्षित करायला कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन' वापरायचं ठरवलं आणि जगभर बातम्या झाल्या. आपल्या ड्रेसिंग टेबलवरचा परफ्यूम, यवतमाळच्या जंगलात! २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. मग तो योग्य की अयोग्य यावर शहरात खूप चर्चा झाली, मीही तेव्हा चार पोस्ट टाकल्या होत्या.

ढलप्या वेचणाऱ्या एका काकूंना मी त्याबद्दल विचारलं. त्यांनी वाघिणीबद्दल काहीच मत दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "दोन साल आमी धुऱ्यावरच्या काड्या वेचल्या, बाई. आत कोन जाते? पन चूल तं रोज पेटोच लागते न."

मला त्या एका वाक्यात कळलं की धुऱ्यावरचं झाड कुणाकुणाचं असतं. आमच्या घरात वाद दोन मामांचा होता. पण वाळलेली फांदी पडली की ती उचलणारी माणसं तिसरीच होती आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

'गॅस नाही का मग?' असं तुम्ही विचाराल. आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि या गावातल्या बहुतेक घरांत सिलिंडर आलाय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ५९ टक्के घरांत स्वयंपाक मुख्यतः स्वच्छ इंधनावर होत होता. उरलेल्या घरांचं काय ते सोडाच. पण ज्यांच्याकडे गॅस आहे तेही दोन्ही वापरतात. चहा गॅसवर, पाणी चुलीवर. पाहुणे आले की गॅस, पैसे संपले की चूल. थोरल्या मामींचंही असंच. चुलीच्या धुराचं कौतुक मात्र करू नका हं. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रिसॉर्टमध्ये 'चुलीवरचं मटण' खाणं वेगळं आणि रोज सकाळी फुंकणी घेऊन बसणं वेगळं.

कापसाच्या काट्यावर झाड

फोडणं हा सगळ्यात लांबलेला भाग. निंबाच्या लाकडाचे धागे सरळ नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात. तो टचकन फुटत नाही. बाप्पा आधी ओंडक्याच्या टोकाला नीट बघत, जिथे बारीक चीर दिसेल तिथे पाचर ठेवत, दोन हलके घाव घालत आणि मग पूर्ण ताकदीचा. एका पाचरीने नाही भागलं की पुढे दुसरी. पासष्टीच्या पुढचा माणूस, अंगावर चिमूटभर मांस. पण एकही घाव वाया नाही. मीही घण उचलून बघितला. माझे सहा घाव झाले, ओंडका जिमच्या टायरसारखाच निर्विकार. सातवा घाव बाप्पांचा आणि ओंडका दोन!

वजनासाठी कापसाचा काटा आणला. इथे प्रत्येक शेतकऱ्याकडे तो असतो, कारण कापूस वेचणाऱ्यांची मजुरी किलोवर ठरते. तीन बल्ल्यांची तिवई उभी केली, काटा टांगला आणि एकेक गठ्ठा चढवायला सुरुवात. वही माझ्याकडे. एका बाजूला थोरले मामा, दुसऱ्या बाजूला धाकटे. दोघांचेही डोळे काट्यावर.

"बहात्तर," मी म्हणाले.

"एकाहत्तर," थोरले.

"बहात्तरच हाय," धाकटे.

"हां, बहात्तर. लिव्ह," थोरले म्हणाले.

सहा वर्षांनंतरचा हा पहिला संवाद! आजूबाजूच्या कुणाच्या लक्षात आला नाही किंवा सगळ्यांच्याच आला आणि कुणी दाखवलं नाही.

एकूण भरलं २१ क्विंटल ३५ किलो. माझा टेपचा अंदाज दोन टनांचा होता, म्हणजे एकदम ऑन टार्गेट. तीन वाटे प्रत्येकी ७ क्विंटल ११ किलोचे, वर दोन किलो उरले. त्यावरूनही वाद झाला असता, पण आजी म्हणाली, "ते दोन किलो चुलीत घाला आन् सगळ्यायले चहा करा." ओलं लाकूड ते! नुसता धूर झाला, पाण्याला उकळी काही फुटेना. शेवटी धाकट्या मामींनी गॅसवर चहा केला आणि थोरल्या मामा-मामींना कप नेऊन दिले.

आता आपला आवडता विषय, आरओआय. ओल्या लाकडात पाण्याचं वजन भरपूर असतं. नीट वाळल्यावर या २१ क्विंटलचे साधारण साडेचौदा उरतील. साध्या चुलीत लाकडाची उष्णता बरीचशी इकडेतिकडे जाते, भांड्याला लागते ती दहा-पंधरा टक्के. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त. या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे अंदाजे दोनशे किलो वाळलेलं लाकूड. म्हणजे अख्खा निंब साधारण सात सिलिंडर! त्या वेळी सिलिंडर होता साधारण आठशे-साडेआठशे रुपयांना. सहा माणसं, दोन दिवस, मशीनचं आणि ट्रॅक्टरचं भाडं धरलं तर खर्च जवळपास तेवढाच. फायदा शून्य. वावर मोकळं झालं, तो खरा फायदा.

तुमच्या इथे झाड पडलं तर?

- शहरात झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. पडलेल्या झाडालाही परस्पर हात लावू नका. अग्निशमन दल आणि महापालिकेचा उद्यान विभाग यांना कळवा. विजेची तार अडकली असेल तर जवळही जाऊ नका.
- गावाकडे आधी झाडाची जात बघा, फोटो काढा, तलाठी किंवा वनखात्याला विचारा. मगच करवत.
- कापताना शेंड्याकडून सुरुवात. मुळांच्या गड्ड्यामागे कुणालाही उभं राहू देऊ नका.
- ओढणी, सैल बाही, लोंबणारे दोर मशीनजवळ नकोत. मशीन शिकलेल्या माणसाच्याच हातात हवं.
- जड ओंडके उचलू नका, लोटा. ट्रॉलीला दोन बल्ल्या तिरक्या लावायच्या, दोराचं एक टोक ट्रॉलीला बांधायचं, दोर ओंडक्याखालून घेऊन परत वर आणायचा आणि पलीकडून ओढायचं. ओंडका गोल गोल फिरत चढतो आणि ताकद जवळपास निम्मी लागते.
- लाकूड जमिनीला टेकवून रचू नका. खाली दोन बल्ल्या, बाजू वाऱ्याला उघड्या, झाकण फक्त वरून. मे महिन्यात फोडलेलं लाकूड दिवाळीनंतरच चुलीत घाला. टोकांना भेगा पडल्या आणि दोन तुकडे आपटल्यावर टणटण आवाज आला की समजा, तयार.

आईचा वाटा

वाटे झाले त्या रात्री आईला फोन लावला, स्पीकरवर. अंगणात आजीच्या खाटेभोवती सगळे. मी सांगितलं, "आई, तुझ्या वाट्याला सात क्विंटल अकरा किलो आलंय. काय करायचं?"

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माझं लाकूड ज्यांनी तोडलं आणि ज्या बायका वेचायला येतात, त्यांना वाटून द्या. मला दुसरं पाहिजे."

दोन्ही मामा सावरून बसले. जमीन मागते की काय! चेहऱ्यांवर सरळ दिसत होतं.

"दादा, तू दोन तास सोड. आणि बाळ्या, तूही दोन तास सोड. त्यात नांगर घालायचा नाही. एवढाच माझा वाटा."

धाकटे मामा पन्नाशीचे आहेत. त्यांना 'बाळ्या' म्हणणारी जगात आता दोनच माणसं. ते "हो ताई" म्हणाले. थोरले मामा काही म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही म्हणून मीच सांगितलं, "थोरले मामाही हो म्हणतायत."

ट्रॉली दुसऱ्या दिवशी तीन खेपांत रिकामी झाली. दोन खेपा दोन घरी, तिसरी वस्तीवर. बाप्पांनी आपल्या वाट्यातलं गाठीचं एक लाकूड बाजूला ठेवलं, कुऱ्हाडीच्या दांड्याला नाही तर खाटेच्या पायाला उपयोगी पडेल म्हणून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि धाकट्या मामांचा त्या तुकड्यातला कपाशीचा पेरा वेळेवर झाला.

भांडण मिटलं, दोघं भाऊ गळ्यात पडले, असं काही झालेलं नाही. सिनेमा नाही हा! मोजणीचा वाद अजून आहे. पण कापूस वेचणीच्या वेळी थोरल्यांचा काटा बिघडला तेव्हा त्यांनी पोराला धाकट्यांकडे पाठवलं आणि काटा मिळाला.

दिवाळीला मी पुन्हा गेले तेव्हा टेप सोबतच नेली होती. थोरल्या मामांनी पूर्ण दोन तास सोडलेत. धाकट्यांनी दीड. विचारलं तर म्हणाले, "बैल सरकले, भाचीबाई. पुढच्या साली पुरे दोन सोडतो." धुऱ्यावर, जुन्या खड्ड्याच्या कडेला, वीतभर उंचीची निंबाची चार-पाच रोपं आपणहून आली आहेत. शेळ्यांपासून वाचावीत म्हणून कुणीतरी त्यांच्याभोवती बाभळीच्या काट्या रोवल्यात. कुणी, ते दोन्ही घरांत विचारलं. दोन्ही घरांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं.